नाना पाठ फिरवून उभे राहतात

खोली बघायला गेलो त्या दिवशी शंकरनानांनी मला लग्न झालंय का विचारलं नाही, मटण शिजवता का विचारलं नाही. माझ्या पाठीवरच्या बॅगेकडे बोट दाखवून म्हणाले, "काढा भाईर." मी लॅपटॉप बाहेर काढला. "चालू करा." केला. मग नाना माझ्याकडे पाठ करून भिंतीपुढे उभे राहिले, हात मागे बांधले आणि म्हणाले, "आता पासवर्ड टाका. मी बघत न्हाई."

मी टाकला.

"नऊ अक्षरं," नाना भिंतीला म्हणाले. "पयलं मोठं. शेवटाला तीन आकडे, येका वळीत. येक, दोन, तीन. जावा, बदलून या. मग खोली बघू."

सॉफ्टवेअर कसं वापरावं याच्या पुस्तिका लिहिणं हा माझा व्यवसाय. त्या कुणी वाचत नाही, त्यामुळे त्यांतल्या चुका आजवर उघडकीस आलेल्या नाहीत. 'मजबूत पासवर्ड कसा निवडावा' या विषयावरचं एक प्रकरण मीच लिहिलेलं आहे. मी जिन्यात बसून पासवर्ड बदलला आणि पुन्हा वर गेलो. तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली. या गोष्टीला आता दीड वर्ष झालं.

नाना मूळचे इथले, माण गावचे. साठी ओलांडलेली, डोक्याला टोपी, पांढरा लेंगा, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर. त्यांच्या भाताच्या खाचरांवर आता काचेची एक इमारत उभी आहे आणि तिच्या सातव्या मजल्यावर मी पुस्तिका लिहितो. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी चार मजले चढवले आणि भाडेकरू ठेवले. भाडेकरू नोकरी बदलून जाताना बिघडलेले कॉम्प्युटर खोलीत टाकून जात. मोटारपंप उघडून दुरुस्त करणारा माणूस बंद डबा बघून गप्प कसा बसेल? नानांनी पहिला डबा उघडला तो चिमण्यांनी घरटं केलंय का बघायला. त्यानंतर उघडायचे थांबले नाहीत.

आता त्यांची मतं पक्की आहेत आणि ती जिन्यात ऐकावी लागतात. लॅपटॉप म्हणजे भाड्याचं घर, आतली एक भिंत पाडता येत नाही. गेम खेळायचे ते टीव्हीला जोडायचे सीलबंद खोके त्यांना मुळीच मान्य नाहीत, कारण आत काय आहे ते एक कंपनीला ठाऊक आणि दुसरं देवाला, आणि दोघंही फोन उचलत नाहीत. क्लाउडबद्दल ते म्हणतात, "दुसऱ्याच्या माळ्यावर आपलं धान्य. उंदीर त्याचे, कुलूप त्याचं, आन् आपण म्हनायचं, सोय झाली." पासवर्डावर मात्र त्यांचा आवाज खाली येतो. बापानं एक सही केली आणि बारा एकर गेलं, सही म्हणजे तरी काय, पासवर्डच. "किल्ली दिली की शेत गेलं," हे त्यांचं ब्रीदवाक्य. इमारतीच्या पाण्याच्या टाकीलासुद्धा आकड्यांचं कुलूप आहे.

आमच्या ऑफिसात सुरक्षेवर व्याख्यान द्यायला कोट घातलेली माणसं येतात. ती दोन तासांत जे सांगतात ते नानांनी टाकीजवळ उभं राहून दोन वाक्यांत सांगितलेलं असतं, आणि वर चहा मागितलेला नसतो.

भाडेकरूंची नावं नाना लक्षात ठेवत नाहीत, मशिनं ठेवतात. मी 'आठ जीबी'. दुसऱ्या मजल्यावर राहणारी नांदेडची इंजिनिअर मुलगी, जिच्याकडे गेम खेळायचा भारी कॉम्प्युटर आहे, ती 'ग्राफिक कार्ड'. "ओ आठ जीबी, मोटर बंद करा," अशी हाक आली की माझ्या शिक्षणाचा आणि वाचनाचा चढलेला ताठा जागच्या जागी उतरतो.

आणखी एक खोड सांगायला हवी. नाना कुठेही उभे राहिले की त्यांची बोटं वाजू लागतात. कठड्यावर, टाकीवर, माझ्या दारावर. चार टकटक, थोडं थांबणं, मग सहा, पुन्हा थांबणं, मग चार. कायम तेच. ग्राफिक कार्ड म्हणायची, वयानं होतं तसं. मला ते तितकंसं पटायचं नाही. वयानं थरथरणारी बोटं मोजून थरथरत नाहीत.

आणि माझ्या शेजारची खोली.

तिच्या दाराला तीन कुलपं आहेत. दाराखालच्या फटीतून दिवसाढवळ्या निळसर उजेड येतो. मी राहायला आलो त्या आठवड्यातच, रविवारी दुपारी जेवून आडवा झालो असताना, भिंतीपलीकडून गुरांच्या घंटा ऐकू आल्या. तिसऱ्या मजल्यावर. मग पाटाचं पाणी वाहिल्यासारखा आवाज, आणि दुपारी तीन वाजता एक कोंबडा आरवला. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, पण ठेवला असता तरी गुरं राखणारं भूत मला सुचलं नसतं.

नाना दिवसातून दोनदा तिथं जात. चपला बाहेर काढत, तिन्ही कुलपं उघडत, आणि आत पाऊल टाकताना खाकरत. गावाकडे पुरुषमाणूस घरात शिरताना खाकरतो, आतल्या बायकांना कळावं म्हणून. मी एकदा सहज विचारलं, आत कोण असतं? नाना म्हणाले, "कोन न्हाई." आणि जाताना दार हळू ओढून घेतलं, आतलं कुणी दचकू नये असं.

श्रावण संपता संपता एका दुपारी धुकं इतकं उतरलं होतं की समोरची काचेची इमारत नाहीशी झाली होती. तिथं पुन्हा खाचरं असावीत असं वाटत होतं. घंटांचा आवाज नेहमीपेक्षा जवळून आला म्हणून मी बाहेर डोकावलो. शेजारचं दार उघडं होतं. नाना खाली मोटर बघायला गेले होते.

मी उंबऱ्यापर्यंतच गेलो. रिकामी खोली, एक टेबल, खुर्ची जरा बाजूला सरकवलेली, तिच्यावर गोधडीची घडी. कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी. टेबलावर जुना पांढरा डबा आणि पडदा. पडद्यावर एक शेत होतं, पायऱ्यापायऱ्यांची खाचरं, पिकून पिवळं पडलेलं भात. डोंगराच्या टोकावर सूर्य टेकलेला, पण बुडत नव्हता. बांधावर लाल लुगड्यातली एक एवढीशी बाई उभी होती.

माऊस टेबलावर निश्चल होता. पडद्यावरचा बाण मात्र हलत होता. अगदी थोडासा, पुन्हा थोडासा, श्वास घेतल्यासारखा. आणि बांधावरची बाई मान वळवून त्या बाणाकडे बघत होती.

मी खोलीत परत आलो आणि दार लावून घेतलं. बुद्धिवादी माणसानं दार लावून घेण्यात काही गैर नाही.

संध्याकाळी ग्राफिक कार्डला गाठलं. ती नानांकडे माझ्याही आधीपासून राहते. ती म्हणाली, तो गेम तिनंच दिला होता, इंदूकाकूंना, नानांच्या बायकोला. जमीन गेल्यावर काकूंना दिवस सरत नसे. नानांनी चार मोडक्या डब्यांतून एक चांगला डबा जुळवून दिला आणि काकू त्यात शेती करू लागल्या. लावणी, बेणणी, सगळं. दुपारी दोन तास कुणी हाक मारायची नाही. एका सकाळी पोटात दुखतंय म्हणून खुर्चीवरून उठल्या, दवाखान्यात गेल्या आणि परत आल्या नाहीत. डबा तेव्हापासून चालू आहे. इन्व्हर्टर आहे, त्याच्या मागे आणखी एक इन्व्हर्टर आहे. नेटचा तर त्याला वाराही लागलेला नाही.

"पण बंद का करत नाहीत?"

"पासवर्ड," ती म्हणाली. "काकूंनी तो कुणालाच सांगितला नव्हता."

महिन्याभरानं नाना माझ्या दारात आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, पुतण्या सकाळी गाडीनं शहरात नेणार आणि संध्याकाळी आणून सोडणार होता. बोटं चौकटीवर वाजली. चार, सहा, चार. मग त्यांनी दीड वर्षात पहिल्यांदा मला विचारलं, "तुमचं नाव काय हो?"

मी सांगितलं. त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि माझ्या हातात ठेवला. तो हात लगेच मागे घेतला नाही.

सूचना थोड्या होत्या. पाच मिनिटं बाण हलला नाही तर कुलूप पडतं, ते काकूंनी तसं लावून ठेवलंय. बदलायचं म्हटलं तरी पासवर्डच लागतो. बाण हलता ठेवण्याची सोय केलेली आहे. आपण नुसतं लक्ष ठेवायचं. "गेममधी कायबी करू नका. भाताला हात लावू नका."

मी सुट्टी घेतली, चपला बाहेर काढल्या आणि आत शिरताना, का कुणास ठाऊक, खाकरलो. सोय काय आहे ते जवळून कळलं. माऊस एका बायकी मनगटी घड्याळावर ठेवला होता. खालून सेकंदकाटा फिरे, माऊसला वाटे आपण हललो, वर बाण हले. घड्याळाच्या पट्ट्याला हळदीचा पिवळा डाग होता. भुताचा उलगडा झाला की बरं वाटतं असा माझा समज होता. तसं काही झालं नाही.

बाहेर धुकं होतं. घंटा वाजत होत्या. साडेअकराच्या सुमाराला मी पुस्तकातून मान वर केली तेव्हा काहीतरी बदललेलं होतं. बाई माझ्याकडे बघत होती. बाण थांबला होता. घड्याळ बंद पडलं होतं, आणि ते कधी पडलं हे मला ठाऊक नव्हतं.

पडदा अंधुक झाला.

मी माऊसवर हात टाकला. क्षणभर काही झालं नाही. मग पडदा उजळला आणि बाईनं मान वळवली.

घड्याळाचा सेल आणायला उठायचं तर हात सोडावा लागणार. मी ग्राफिक कार्डला फोन केला. ती घरूनच काम करत होती, अनवाणी वर आली. सेल कुठं मिळेल, पिरंगुटला जावं लागेल का, असं बोललो, आणि दोघांपैकी एकटं त्या खोलीत राहायला कुणीच तयार नव्हतं हे न बोलता ठरलं. मग पाण्याची पाळी असते तशी पाळी लावली. अर्धा तास मी, अर्धा तास ती. एकानं जेवायचं ते तिथंच बसून. दुपारी कोंबडा आरवला तेव्हा ती म्हणाली, "काकू अशा वेळी म्हणायच्या, ह्याला कळत न्हाई दिवस कवाचा."

सहा तास आम्ही आळीपाळीनं त्या बाईला डावीकडे बघायला लावत होतो आणि उजवीकडे बघायला लावत होतो, आणि माझी खात्री होत चालली होती की ती माझ्या मागे कोण आलंय ते बघतेय.

साडेपाचला खाकरल्याचा आवाज आला. नाना दारात उभे होते, एका डोळ्यावर पट्टी. मी घड्याळाचं सांगितलं. ग्राफिक कार्डनं खुर्ची सोडली. नाना गोधडीच्या घडीवर बसले, माऊस हातात घेतला, आणि दुसऱ्या हातानं घड्याळ उचलून सदऱ्याला पुसलं. ती सेल आणते म्हणून खाली गेली.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, नाना, डबा आत्ता उघडा आहे तोवर आतलं सगळं शेत काढून दुसऱ्या डब्यात ठेवता येईल. मग कुलूप पडलं तरी हरकत नाही. मी करून देतो.

"ठावं हाय मला," नाना म्हणाले. हे मला सुचायला हवं होतं. त्यांना ठाऊक नाही असं डब्यात काही नव्हतं. "शेत घेऊन काय करू? शेत येकदा गेलंय. ह्ये तिनं सोताच्या हातानं उघडल्यालं हाय. मी कसं लावू?"

थोड्या वेळानं त्यांची मोकळी बोटं टेबलावर वाजली. चार. सहा. चार.

"ह्यो तिचा पासवर्ड," ते म्हणाले. "मीच शिकवलं व्हतं. कुनाला सांगायचा न्हाई, नवऱ्याला बी न्हाई. ती टाकायची तवा मी पाठ फिरवून उभा ऱ्हायचो. नियम म्हंजे नियम. चार बटनं, मग थांबायची. सहा, मग थांबायची. मग चार. तवा मला नुसता आकडाच कळायचा."

बाई त्यांच्याकडे बघत होती.

"आता कान तयार झालाय. तुमची समद्यांची बटनं ऐकून ऐकून. आता टाकला आसता तर अक्षर न् अक्षर सांगितलं आसतं." त्यांनी माऊस जरासा हलवला. "कुटला शब्द धरला व्हता तिनं, तेवढंच पायजे व्हतं."

मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी तिन्ही मोजल्या आणि एक माझ्याकडे परत सरकवली.

सेल आला, घड्याळ चालू झालं, बाण पुन्हा श्वास घेऊ लागला. सूर्य अजून डोंगरावर टेकलेला आहे, भात पिकलेलं आहे.

मी पासवर्ड पुन्हा बदलला. आता तो लांबलचक आहे, माझ्या पुस्तिकेतल्या सगळ्या नियमांत बसणारा. सकाळी लॅपटॉप उघडताना खोलीचं दार उघडं ठेवतो. जिन्यात चपलांचा आवाज येतो आणि दाराशी थांबतो. मान वर करून बघावं लागत नाही. नाना पाठ करून उभे असतात, हात मागे बांधलेले.

मी एकेक अक्षर सावकाश टाकतो.