दिवंगत वाचकांची एकशे बारा कार्डं

माणूस मेल्यावर त्याचं काय होतं, यावर जगात एकमत नाही. चित्रकथेची मालिका कशी मरते, यावर मात्र आमच्या साप्ताहिकात पूर्ण एकमत आहे: ती पोस्टकार्डांनी मरते. प्रत्येक अंकात एक कार्ड असतं. वाचकाने ते कापायचं, त्यावर वय, व्यवसाय आणि आवडत्या तीन मालिका लिहायच्या आणि टोकियोला आमच्याकडे धाडायचं. दहाव्या आठवड्याला जी मालिका तळाला, ती बंद. इतकी न्याय्य पद्धत मी दुसरीकडे कुठेही पाहिलेली नाही. (मी दुसरीकडे कुठेही नोकरी केलेली नाही.)

यंदा नवव्या आठवड्यापर्यंत तळाला होती मित्सुए कुझुहारा यांची ‘एक सुई कमी आहे’. डोंगरातली एक शाळा आणि तिथल्या शिवणवर्गात बाईंचं भूत. तास संपला की सुया मोजायच्या आणि एकही कमी भरली तर कोणाला सोडायचं नाही, हा आमच्या शाळांचा शिरस्ता. या बाईंच्या वर्गात नव्वद वर्षांपूर्वी एक सुई कमी भरली. शोधता शोधता बाई वारल्या, पण वर्ग त्यांनी अजून सोडलेला नाही. आजची पोरं गणिताचा तास चुकवायला मुद्दाम तिथे जाऊन अडकतात. भुताला कोणी घाबरत नाही, याचं बाईंना फार वाईट वाटतं. मला हसून हसून ठसका लागायचा, आणि संपादक म्हणून मी कामावर सहसा हसत नाही.

बाई खऱ्या आहेत, माझ्याच शाळेतल्या, असं कुझुहारासान सांगायच्या. आम्ही मान डोलवायचो. पानं वेळेवर आली की चित्रकाराला आम्ही काहीही बोलू देतो. सुई बाराव्या भागात सापडणार होती. नवव्या भागाला कार्डं आली सात. (त्यातली तीन एकाच हस्ताक्षरात. बहुधा आई.)

“नुकातासान, दहाव्यानंतर दोनच भाग द्या हो,” त्या काकुळतीला आल्या. “मी बाईंना शब्द दिलाय. सुई सापडली की त्या सुटतील बिचाऱ्या.”

“मग तुमच्या बाईंनाच सांगा ना कार्ड टाकायला!” मी म्हणालो. ही माझी प्रशासकीय चूक.

दहावा आठवडा नेमका ओबोनमध्ये, म्हणजे पितरांच्या सणात आला. या दिवसांत जिवंत माणसं गावी जातात, कलिंगड खातात आणि लोळतात. कार्ड कोणीच टाकत नाही. मेलेली माणसंही तीन दिवसांसाठी घरी येतात, आणि नातवंडांनी लोळताना टाकलेला अंक त्यांच्या हाती पडतो. त्या आठवड्यात सगळ्या मालिकांना मिळून आली एकशे तीस कार्डं. त्यातली एकशे बारा कुंचल्याने लिहिलेली, उदबत्तीचा वास येणारी. वय: ९४, ११८, १३७. व्यवसाय: दिवंगत. एका कार्डावर पत्त्याच्या जागी शिवणवर्ग. मजकूर असा: “तिसऱ्या भागात मला जांभई देताना दाखवलंत. मी तासाला कधीही जांभई दिलेली नाही. बाकी उत्तम. पहिला क्रमांक.”

मुख्य संपादक ओनोदेरा यांनी बैठक बोलावली.

“साहेब, ही मतं धरायची कशी? मेलेत हो सगळे!” मी म्हणालो.

“नियमात कुठे लिहिलंय जिवंत हवा म्हणून? अंकातलं कार्ड कापलंय, वय भरलंय, वेळेत आलंय. तुझे जिवंत वाचक वयाचा रकाना तरी भरतात का रे?”

नियम पाळला गेला. पहिल्या क्रमांकामुळे मालिका वाचली, पण दहाव्यानंतर मुदतवाढ नियमाप्रमाणे एकेका आठवड्याचीच; पुढचं पुन्हा कार्डांवर. म्हणजे अकरावा भाग. एक भाग कमीच.

“अकराव्यातच उरका ना,” मी कुझुहारासानना म्हणालो.

“घाईत मोजणी केली म्हणून तर ती सुई हरवली,” त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

अकराव्या आठवड्यापर्यंत दिवंगत वाचक आपापल्या ठिकाणी परतले होते. कार्डं आली चार. मालिका बंद झाली.

त्यानंतर पंधरा दिवसांत जिवंत वाचकांची तीन हजारांवर पत्रं आली. “अंक हातात आला की आधी हीच वाचायचो.” “लाज वाटत नाही का बंद करायला?” “सुई कुठे होती, तेवढं तरी सांगा!” एकाने तर फोनच केला. मी विचारलं, “तुम्ही कार्ड टाकलं होतं का?”

“नाही बुवा. म्हटलं, बाकीचे टाकतच असतील.”

कुझुहारासान गावी परतल्या. आता त्याच शाळेत शिवण शिकवतात. वर्ग उशिरा सुटतो, अशी पालकांची तक्रार आहे.

सुई कुठे आहे हे मला ठाऊक आहे. बाराव्या भागाचा कच्चा आराखडा माझ्याच खणात पडून आहे. तुम्हीही इथवर हसत आलात, तेव्हा तुम्हालाही जाणून घ्यायचं असणार. पण तुम्ही तरी आजवर आवडलेल्या कुठल्या गोष्टीसाठी एक कार्ड टाकलंय? असू द्या, घाई नाही. ओबोनची तीन दिवसांची रजा कधी ना कधी तुम्हालाही मिळेलच. तेव्हा टाका. वयाचा रकाना मात्र नीट भरा.