काल कुणाबरोबर जेवलात?

गुंदेचा सर पेशंटच्या नाडीला हात लावायच्या आधी एक प्रश्न विचारत. "काल संध्याकाळी कुणाबरोबर जेवलात?"

बेल्ह्याच्या बाजाराला बैल घेऊन निघालेला एक बाप्या छातीत जळजळतंय म्हणून टेम्पो रस्त्याला उभा करून आत आला होता. त्याला हा प्रश्न. त्याने आधी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुणाबरबर म्हंजी? टीव्हीबरबर," म्हणाला. सरांनी रजिस्टरात लिहिलं, 'एकटा. टीव्ही चालू.' राजुरीची एक म्हातारी म्हणाली, "मी आन् मांजर." सरांनी पेन्सिल थांबवली. एका ताटात की वेगवेगळं, हे विचारून घेतलं. "येगळं. पर माज्या तोंडाकडं बघत बसतंय." सरांनी 'एकटी' खोडलं आणि 'दीड' लिहिलं.

राजुरीजवळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी जनरल मेडिसिनच्या दोन वर्षांच्या फेलोशिपला होतो. तिथे आम्हा फेलोंना पहिल्याच दिवशी एकेक मार्गदर्शक निवडायचा असे. ऑफिसबाहेर फळ्यावर मार्गदर्शकांची नावं, आणि नावापुढे त्यांच्या संशोधनाचा विषय. कुणाचं हृदय, कुणाचा मधुमेह, कुणाचं थायरॉइड. सगळ्यात खाली डॉ. गुंदेचा, आणि पुढे विषय: 'जेवण (कुणाबरोबर)'.

हा विषय मी निवडला असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही मला ओळखत नाही. मला हृदय हवं होतं. हृदयवाल्या सरांकडे नवं इको मशीन होतं आणि त्यांच्या खोलीत एसी होता. पण त्या सकाळी पुण्याहून येताना मी एसटीत झोपलो. जाग आली तेव्हा निम्मी बस खाली उतरत होती, म्हणून मीही बॅग घेऊन घाईघाईने उतरलो. ते पेठ नावाचं वाटेतलं गाव होतं, आणि लोक वडापाव खायला उतरले होते. ते खाऊन परत बसमध्ये चढले. मी मात्र बॅगेवर बसून 'हॉस्पिटल कुठंय' विचारत राहिलो. फेलोशिपला पोचलो तेव्हा तीन वाजले होते, निवड बाराला आटोपली होती. फळ्यावर एकच नाव बाकी होतं.

सरांना हे कुणी सांगितलं नसावं असं मी धरून चाललो. कारण दुसऱ्या दिवसापासून ते माझी ओळख करून देऊ लागले. पेशंटला, औषधवाल्याला, रक्त न्यायला येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला. "हे आमचे डॉक्टर. सगळे सोडून यांनी मला निवडलं." मी शेजारी उभा राहून सत्कारमूर्तीसारखा हसायचो.

सरांचं दुसरं पालुपद: "एका नोंदीवर निष्कर्ष काढायचा नसतो, डॉक्टर." प्रेशर एकदा वाढलेलं दिसलं तर पेशंटला परत बोलावत. चहात साखर कमी आहे असं मी म्हणालो तर दुसरा कप मागवत आणि तोही मला पाजत. त्यांच्या अभ्यासाचा प्रश्न साधा होता. एकट्याने जेवणाऱ्या माणसाची साखर आणि प्रेशर चारचौघांत जेवणाऱ्यापेक्षा बिघडतात का? इतर मार्गदर्शक यावर हसत. तीन वर्षं कुणी फेलो आला नव्हता. मी आलो नसतो तर फळ्यावरून नावच पुसणार होते, हे मला आमच्या कमलसिस्टरनी सांगितलं. आणि पुढच्या वर्षी मी गेलो, तर पुसतीलच.

मी जाणारच होतो. वर्ष संपलं की मार्गदर्शक बदलता येतो, त्याचा अर्ज मी पहिल्याच आठवड्यात आणून ठेवला होता.

मधल्या काळात मी सरांशी चांगलं वागायचा प्रयत्न केला. त्यांना जेवायला बोलावलं. रात्री आठला, माझ्या क्वार्टरवर, आणखी तीन फेलोंबरोबर. लसूण घालून बटाट्याची भाजी मी स्वतः केली. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले, बसले, आणि काही खाल्लं नाही. पाणीसुद्धा नाही. आम्ही जेवत असताना प्रत्येकाला "छान झालंय का?" विचारत राहिले, आणि नऊला आभार मानून गेले. मला राग आला. दुसऱ्या दिवशी सिस्टरपुढे तक्रार केली, तर त्यांनी कपाळाला हात लावला.

"जैन हाईत ना सर. दिवस मावळल्याव पाणीबी घेत न्हाईत. आन् बटाटा, लसूण तर घरातच येत न्हाई. तुमी आदी कुणाला इचारायचं तरी."

"मग ते आले कशाला?"

"कुणी बोलावलं व्हतं का इतक्या दिसांत?"

पुढे बेल्ह्याला कॅम्पला गेलो तेव्हा सरांनी बाजारपेठेतलं एक बंद शटर दाखवलं. त्यांच्या वडलांचं कापडाचं दुकान. ऊन कलतीला आलं की गिऱ्हाईक असलं तरी शटर अर्धं खाली. मग मागच्या खोलीत अकरा माणसं एका ओळीत जेवायला. "उशीर झाला तर उपास," सर म्हणाले, "म्हणून उशीर कुणाचाच व्हायचा नाही." भाऊ आता पुण्यात होते. सरांच्या पत्नी सहा वर्षांपूर्वी वारल्या. एवढं सांगून सर कॅम्पच्या रांगेकडे वळले आणि पहिल्या माणसाला विचारलं, "काल कुणाबरोबर जेवलात?"

वर्षअखेरीला मी रजिस्टराची बेरीज-वजाबाकी करायला बसलो. आकडे नीट लावून द्यायचे आणि अर्ज पुढे करायचा, असा बेत. तिथे मला एक नंबरचा पेशंट सापडला. पुरुष, एकसष्ट. सहा वर्षं दर महिन्याला नोंद, आणि दर महिन्याला एकच शब्द: 'एकटा'. साखर हळूहळू चढत गेलेली. नावांची वही वेगळी होती, तिच्यात एक नंबरपुढची जागा कोरी.

मी रजिस्टर घेऊन सरांकडे गेलो आणि एक छोटं भाषण ठोकलं. या पेशंटकडे कुणाचं लक्ष नाही, म्हणालो. इतकी वर्षं साखर चढतेय आणि त्याच्या डॉक्टरला पत्ता नाही. असल्या डॉक्टरला जाब विचारायला हवा. आपण घरी जाऊन यायला हवं.

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "सव्वापाचला जा. तेव्हाच जेवतो तो."

मी बाहेर येऊन सिस्टरना विचारलं, हा सव्वापाचला जेवणारा पेशंट राहतो कुठे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना माझी दया आली असावी.

"डॉक्टर, सव्वापाचला ह्या हॉस्पिटलात कोन जेवतं?"

सव्वापाचला मी सरांच्या क्वार्टरचं दार वाजवलं. अर्ज खिशात होता. सर गॅसपाशी होते. मुगाच्या खिचडीचं पातेलं उतरवताना त्यांनी मागे न बघता खाली ठेवायला काहीतरी मागितलं. मी इकडेतिकडे पाहिलं. मग खिशातला कागद काढून चौघडी करून टेबलावर ठेवला. पातेलं त्यावर बसलं. मथळा बाहेर राहिला होता, 'मार्गदर्शक बदलणेबाबत'. सरांनी तो वाचला आणि पातेलं थोडं सरकवून झाकला.

फडताळातून त्यांनी दुसरी थाळी काढली. काठावर त्यांच्या पत्नीचं नाव कोरलेलं होतं. पुसलेली असूनही त्यांनी ती पुन्हा पुसली आणि माझ्यापुढे ठेवली.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. "सर, त्या दिवशी मी तुम्हाला निवडलं नव्हतं. मी पेठला उतरलो होतो."

"क्लार्कने सांगितलं होतं. त्याच दिवशी."

"मग सगळ्यांना का सांगत होता?"

"ऐकायला बरं वाटायचं," सर म्हणाले आणि मला पापड वाढला.

मला भूक अजिबात नव्हती. दोनला जेवलो होतो, चारला भजी खाल्ली होती. तरी दोनदा खिचडी घेतली. सर बोलले कमी. खिडकीतलं ऊन भिंतीवरून वर सरकत होतं आणि ते अधूनमधून त्याच्याकडे बघत, घड्याळ बघावं तसे. ऊन छताला लागायच्या आत त्यांनी पाणी पिऊन ग्लास उपडा ठेवला.

हात धुऊन मी रजिस्टर उघडलं. एक नंबरपुढे आजची नोंद करायला पेन्सिल टेकवली. सरांनी माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली.

"एका नोंदीवर निष्कर्ष काढायचा नसतो, डॉक्टर," ते म्हणाले. मग पेन्सिलीच्या टोकाकडे बघत विचारलं, "उद्या याल?"