बेचाळीस मिनिटं

"बेचाळीस मिनिटांच्या प्रवासाला उशी लागते होय?" आई पुटपुटली. आपण हे मनातल्या मनात म्हटलं, असा तिचा समज होता. पण तिचा घड्याळवाला मुलगा तेव्हा तिच्या पायाशी उकिडवा बसून पिशवीच्या चेनशी झटत होता, आणि त्याचा कान तिच्या तोंडापासून जेमतेम वीतभर लांब होता.

उशी खरोखरच होती. शिवाय पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या, एक पातळ चादर, बिस्किटांचा पुडा आणि गाडी लागली तर असावी म्हणून सुपारीएवढ्या गोळ्यांची पुडी. हे सगळं त्याच्या बायकोने सकाळी न बोलता भरून दिलं होतं. बेचाळीस मिनिटांची गोष्ट तीही आठ महिने सगळ्यांना सांगत होती, पण पिशवी भरताना मात्र तिचे हात खरं बोलून गेले.

हे बेचाळीस आले कुठून, तर नव्या इमारतीच्या जाहिरातीतून. 'शहरापासून फक्त बेचाळीस मिनिटं' असं त्यात छापलं होतं आणि खाली एक हसरं कुटुंब होतं. शहर कुठे सुरू होतं हे मात्र छापलं नव्हतं. आईच्या दोन खोल्या सोडून तो आणि बायको तिकडे राहायला गेले, तेव्हा रडवेल्या झालेल्या आईला त्याने हाच आकडा दिला. आईने तो शेजारणीला दिला. मग तो मागे घेता येईना. दुकान शहरातच असल्यामुळे तो रोज साडेसहाला घर सोडायचा आणि सव्वाआठला दुकानाचं कुलूप काढायचा. तिकडचं कसं काय, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "हवा चांगली आहे." बायकोही तेच म्हणायची. एकमेकांशी बोलतानाही दोघं हवेच्या पुढे जात नसत.

आता मात्र गोष्ट हवेवर भागणारी नव्हती. आईच्या घरमालकाने विचारलं होतं, खोल्या ठेवणार की सोडणार? सोमवारी सकाळी उत्तर द्यायचं होतं. आई म्हणाली, एकदा तुमचं घर बघते, जाण्यायेण्याचं बघते आणि मग सांगते. आज रविवार होता.

एक वाजून पाच मिनिटांची जलद गाडी पंचावन्न मिनिटांत पोचवायची. दिवसातली सगळ्यात बरी गाडी तीच. म्हणजे खोटं फक्त तेरा मिनिटांचं उरत होतं, आणि तेरा मिनिटांसाठी माणूस काय करेल सांगता येत नाही. सकाळी दहाला आईकडे पोचल्यापोचल्या त्याने तिच्या मनगटावरचं घड्याळ मागून घेतलं. "तेल घालून देतो," म्हणाला. खिडकीपाशी बसून डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं आणि आतल्या केसाएवढ्या कमानीला असा काही हात लावला, की ते तासाला बरोबर चौदा मिनिटं मागे पडावं. पंचावन्न मिनिटांची झाली बेचाळीस. काम सफाईदार झालं होतं. पण ते घड्याळ त्याच्या वडिलांनी आईला दिलेलं होतं, दुकानही त्यांचंच होतं, आणि तीस वर्षांत त्याने मुद्दाम बिघडवलेलं हे पहिलंच घड्याळ.

गाडीत बसताना ते पुन्हा वेळेवर लावू, असं त्याने ठरवलं होतं. पण आईने साडेदहाला ते कानाला लावून ऐकलं, मनगटावर चढवलं आणि त्याला पुन्हा हात म्हणून लावू दिला नाही.

"बाराचाळीसला निघायचं ना?" तिने विचारलं. "झालं तर मग. मी तयारच आहे."

बाराचाळीस झाले. त्याच्या फोनवर झाले. आईच्या मनगटावर बारा वाजून दहा मिनिटंच झाली होती, आणि ती पाय लांब करून शेजारणीच्या मुलीचा स्वेटर विणत बसली होती.

"आई, निघायचं का?"

"अजून अर्धा तास आहे. फलाटावर जाऊन काय खांब मोजायचेत?"

"फोनवर वेळ झालीय गं."

"फोनचं मला सांगू नकोस. तुझ्या बाबांचं घड्याळ आहे हे. आणि आज तर खुद्द तू तेल घातलंयस."

घड्याळ चुकतंय म्हणावं, तर कुणी चुकवलं ते आलंच. मग घड्याळवाल्याने त्या दोन खोल्यांतून येरझाऱ्या घालायला सुरुवात केली. एक वाजला. एक पाच झाले. स्टेशन पुलापलीकडेच होतं. जलद गाडीची शिट्टी खिडकीतून स्वच्छ ऐकू आली. आईने टाके मोजत विचारलं, ही कुठली रे? तो म्हणाला, मालगाडी असेल.

ती उठली तेव्हा तिच्या घड्याळात बाराचाळीस आणि फोनवर एक वाजून वीस मिनिटं झाली होती. स्टेशनात शिरेपर्यंत एक तीस, आणि एक बत्तीसची धीमी गाडी फलाटाला लागलेली. धीम्या गाडीची एक गंमत तिकडे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. जंक्शनला ती मधून तुटते. पुढचे सहा डबे त्याच्या नव्या घराकडे जातात, मागचे चार कारखान्यांच्या फाट्याला. तो रोज न बघता पुढच्या डब्यात चढायचा. पण आज एका हातात आई, दुसऱ्या हातात पिशवी आणि समोर शेवटच्या डब्याचं उघडं दार. त्याने आईला आत चढवलं. पुढच्या स्टेशनवर उतरून पुढे जाऊ, असं म्हणाला, स्वतःशीच.

पुढच्या स्टेशनपर्यंत आई त्याच्या खांद्यावर उशी ठेवून झोपून गेली होती. तिला उठवावं का? झोपलेलं माणूस मिनिटं मोजत नाही, असा एक हलकट विचार त्याच्या मनात आला आणि त्याला एकदम बरं वाटलं. किती महिन्यांनी ती अशी त्याला टेकून बसली होती. तो खांदा न हलवता बाहेर बघत राहिला. इमारती विरळ झाल्या, गोदामं आली, मग नुसतीच माळरानं. जंक्शनला गाडी बराच वेळ थांबली, तेही त्याला आवडलं. मग एक हिसका बसला आणि पुढे दुसऱ्या रुळांवर वळून आपलीच गाडी आपल्याला सोडून निघालेली त्याने खिडकीतून पाहिली.

थोड्या वेळाने तिकीट तपासनीस आला. त्याने तिकिटं उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. "ही त्या गाडीची आहेत."

"आम्ही त्याच गाडीत बसलो होतो," घड्याळवाला हळूच म्हणाला.

"बसलात तेव्हा ही तीच गाडी होती. आता नाही." मग झोपलेल्या आईकडे पाहून त्यानेही आवाज खाली आणला. "पुढच्या स्टेशनला उतरा. उलटी गाडी तासाभराने आहे."

त्या स्टेशनवर एक बाक होता, एक नळ होता, आणि नळाला पाणी नव्हतं. बाटल्या आता कामाला आल्या. आईने बिस्किटं खाल्ली, चादर पायांवर घेतली. ती काही विचारत नव्हती, याचीच त्याला जास्त धास्ती वाटायला लागली. तेवढ्यात बायकोचा फोन आला. कुठे आहात, हे तिने विचारलंच नाही, रोजची सवय. इतकंच म्हणाली, की लिफ्ट बंद पडलीय, सकाळपासून, आणि तुम्ही आईंना आधीच काही सांगू नका. वर आल्यावर आपण हवेचं बोलू.

मायलेक चार मजले चढून वर आली आणि तिघं दारात समोरासमोर उभी राहिली, तेव्हा पावणेसहा वाजले होते. बायकोने पाण्याचा पेला पुढे केला. आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच बसली, दम खाल्ला, पाणी प्यायली आणि मग मनगटावरचं घड्याळ काढून तिने मुलाच्या तळहातावर ठेवलं.

"हे नीट करून दे. तासाला चौदा मिनिटं मागे पडतंय."

"तुला... कधी कळलं?"

"सकाळी कानाला लावलं तेव्हा. पस्तीस वर्षं तुझ्या बाबांच्या शेजारी बसलेय मी दुकानात. दमलेलं घड्याळ ऐकू येतं मला."

"मग तेव्हाच उठायचं ना, आई. गाडी गेली आपली."

"तू सांगशील म्हणून थांबले होते," आई म्हणाली. "म्हटलं, आत्ता म्हणेल, आई, घड्याळ चुकतंय. पण तू नुसता येरझाऱ्या घालत राहिलास. मग मीही विणत राहिले. एक बाही पुरी झाली."

खालच्या मजल्यावर कुणीतरी लिफ्टचं बटण उगाचच दाबून पाहत होतं. आईने पदराने मान पुसली, उघड्या दारातून आतली मोठी खोली पाहिली, तिच्यापलीकडची गॅलरी पाहिली, गॅलरीपलीकडचं मोकळं माळरानही पाहिलं.

"छान आहे घर. आता उद्या मालकाला काय सांगू, ते सांगा. खोल्या सोडते म्हणू?"

घड्याळवाल्याने बायकोकडे पाहिलं. तिने एवढ्या हौसेने ती गॅलरी सजवली होती, तिचं मन मोडायचं नव्हतं. बायकोने त्याच्याकडे पाहिलं. हे घर म्हणजे त्याचं स्वप्न, असं ती आठ महिने धरून चालली होती.

"इथली हवा..." त्याने सुरुवात केली.

"हवा राहू द्या हो," बायको म्हणाली. तिने आईच्या हातातला रिकामा पेला घेतला आणि ती तिच्या शेजारी पायरीवरच टेकली. "आई, खोल्या सोडू नका. आम्हाला परत यायचंय."