मूळ मालकीण शाबूत

मुलांनो, एका जंगलात, जिथले प्राणी शिकार सोडून प्रदर्शनं भरवायला लागले होते, तिथं सगुणाबाई नावाची एक साळिंदरीण राहत होती.

तिचं बीळ ओढ्याकाठी होतं. ओढा फुगला की पाणी थेट आत. मग सगुणाबाई आत्याकडून वारशानं आलेल्या चौरंगावर पाय पोटाशी घेऊन बसायच्या. चौरंग मोठा देखणा, रंगीत. त्यावर वेली होत्या, मोर होते आणि एक हत्ती होता. रंगवणाऱ्यानं घाईघाईत हत्तीला पाच पाय काढले होते. एरवी त्या चौरंगावर रताळी ठेवलेली असत.

त्या सुमारास जंगलात जुन्या वस्तूंचं खूळ शिरलं. कोल्ह्यानं पणजोबांचा दात काचेत बसवून घेतला. सगुणाबाईंनी विचार केला, आपणही चौरंग विकावा आणि टेकडीवर एखादी कोरडी गुहा घ्यावी. त्यांनी जंगलातल्या नामांकित पारख्याला बोलावलं. उदाजीराव उदमांजर.

उदाजीरावांनी डोळे मिटून चौरंग चारी बाजूंनी हुंगला.

“एका पायाखाली दगड कसला?”

“डुगडुगतो हो. म्हणून काल नदीवरून आणला.”

“हलवू नका. जुना दगड आहे.”

“अहो, कालच आणलाय!”

“पण नदी जुनी आहे ना?”

उदाजीराव लगेच मोराकडे वळले.

“आणि मोराच्या मानेवर हा ओरखडा?”

“माझाच काटा लागला. परवा.”

“घराण्याचा काटा!” उदाजीरावांना गहिवरून आलं. “आणि पाच पायांचा हत्ती! वा! चार पायांचे हल्ली कुणीही काढतं.”

मग ते सगुणाबाईंनाच हुंगू लागले. बाईंनी अंग चोरलं.

“मालकीण मूळचीच?”

“म्हणजे काय! दुसरी कुठून आणू?”

“मूळ मालकीण शाबूत असली तर किंमत चौपट होते, बाई. वाघोबा महाराज टेकडीवरची सगळ्यात मोठी गुहा देतील.”

सगुणाबाईंनी लाजून काटे सारखे केले. चष्मा रताळ्यांच्या ढिगात कुठंतरी होता. पुढे आलेल्या कागदावर त्यांनी तसाच पंजा उमटवला.

कागदावर लिहिलं होतं: चौरंग एक. दगड एक. मालकीण एक.

दुसऱ्या दिवशी दोन रानरेडे आले आणि तिन्ही वस्तू उचलून महाराजांच्या दिवाणखान्यात घेऊन गेले. सगुणाबाईंना चौरंगावर बसवलं. भोवती दोरी बांधली. पाटी लावली: ‘हात लावू नये.’

“माझी गुहा कुठाय?” सगुणाबाईंनी कारभारी तरसाला विचारलं.

“गुहा मालकाला मिळते.”

“अहो, मालकीण मीच!”

“ते कसं? तुम्ही तर विकल्या गेलात.” तरसानं कागद पुन्हा पाहिला. “आता मालक महाराज. म्हणजे गुहा त्यांची.”

महाराजांनी ती गुहा छोटेखानी समारंभ करून स्वतःलाच दिली, स्वतःचे आभार मानले आणि स्वतःच्या औदार्यानं त्यांचे डोळे पाणावले.

सगुणाबाई संतापल्या. त्यांनी अंगावरचे सगळे काटे उभे केले आणि खुळखुळ वाजवले. दिवाणखान्यात टाळ्यांचा कडकडाट झाला.

“आवाजही मूळचाच, महाराज!” उदाजीराव कुजबुजले.

आता दोरीखालून निसटावं आणि बीळ गाठावं, असं बाईंच्या मनात आलं. त्यांनी एक पाय खाली टाकलाही. तेवढ्यात एक सशीण आपल्या सात पोरांना घेऊन दोरीपाशी आली. तिनं मान वाकडी करून सगुणाबाईंना न्याहाळलं.

“अगंबाई! किती वर्षांची असेल हो ही?”

सगुणाबाईंनी जन्मभर वय लपवलं होतं. शिरगणतीला आलेल्या कावळ्यालासुद्धा खरं सांगितलं नव्हतं. त्यांनी खाली टाकलेला पाय हळूच वर घेतला. मान ताठ केली.

“दोनशे,” त्या म्हणाल्या. “आणि रंग अजून मूळचाच आहे.”

तात्पर्य: पंजा उमटवण्याआधी कागद नीट वाचावा, असं शहाणे सांगतात. पण मुलांनो, वाचता येणाऱ्या वस्तूला बाजारात विचारतं कोण?