उज्ज्वलाबाईंचं ‘मंग?’

महागावच्या बबनराव मंडपवाल्यांनी यंदा चारचौघांत जाहीरच करून टाकलं होतं, की आपली बायको आपल्याला ‘मंग?’ असं विचारणार म्हणजे विचारणार.

बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटायचं नाही. पण उज्ज्वलाबाईंशी ज्यानं संसार केला त्यालाच ते कळावं. टीव्हीवर मालिका सुरू झाली की त्या लगेच खुनी कोण ते सांगून भाजी निवडायला बसत. बबनरावांनी लपवून आणलेली साडी त्यांनी पिशवी न उघडता रंगासकट ओळखली होती. नवऱ्याची एखादी गोष्ट ऐकताना ‘मंग? पुढं काय झालं?’ हे त्यांच्या तोंडून आजवर कधी निघालं नव्हतं. बबनरावांना याचं मनापासून वाईट वाटे.

म्हणून त्यांनी नाटक लिहायला घेतलं. तांड्यावरच्या शामचा ‘धुरा’ नावाचा रॉक बँड होता. बबनरावांचा मंडप जिथं, तिथं ‘धुरा’च्या गिटारी आणि ड्रम. चार वर्षांत तालुक्यातलं क्वचितच एखादं लग्न त्यांच्या तावडीतून सुटलं असेल. त्यांची गाणी शेंबड्या पोरांनाही पाठ होती. तीच गाणी ओळीनं लावायची आणि मधे मधे गोष्ट घुसवायची, असा बेत ठरला.

“काका, पहिले गोष्ट लिवतेत, मंग गाणे,” शाम म्हणाला.

“लोकायले गाणे येतेत ना? म्हंजे अर्धं नाटक तं त्यायले पाठच आहे. आपल्याले फक्त उरलेलं अर्धं लिवाचं आहे.”

गोष्ट अशी होती. भर मंडपातून नवरी गायब होते. नवरदेव झालेला शाम एक संथ, रडवेलं गाणं म्हणतो आणि मध्यंतराचा पडदा पडतो. नवरी गेली कुठं, ते दुसऱ्या अंकात. नवरीचं काम बँडमधल्या गिटारवाल्या अंजूकडं होतं. शेवट कुणाला सांगायचा नाही, अशी बबनरावांनी सगळ्यांना शपथ घातली. घरी मात्र ते बायकोला ऐकू जाईल अशा बेतानं फोनवर बोलत, “नवरी कुठं गेली हे तं देवालेही नाही समजाचं.” उज्ज्वलाबाई नुसतं “बरं” म्हणून कुकर लावत.

तालमीत एक नवल घडे. ते संथ गाणं सुरू झालं की बबनरावांच्या तोंडाला पाणी सुटे. याला म्हणतात कलेची ताकद, असं त्यांनी शामला समजावून सांगितलं.

प्रयोगाला गावाबाहेरचं मैदान भरून गेलं. पहिल्या गाण्यांना लोक खुर्च्यांवर चढून नाचले. मग नवरी गायब झाली आणि मैदान चिडीचूप झालं. “कुठं गेली असन बापा?” कोणीतरी कुजबुजलं. बबनराव विंगेतून तिसऱ्या रांगेतल्या उज्ज्वलाबाईंकडं टक लावून पाहत होते. त्या चक्क पुढं झुकल्या होत्या.

शामनं संथ गाणं धरलं. सोयाबीनवाले पुंडलिकराव उठून उभे राहिले. मग त्यांची रांग उठली, मग सगळं मैदान उठलं. प्रेक्षकांनी उभं राहून मान द्यायचा असतो हे बबनरावांनी फक्त टीव्हीवर पाहिलं होतं. त्यांचे डोळे भरून आले.

मान देऊन झाल्यावर लोक बाह्या सावरत स्टेजच्या मागं निघाले.

“पुंडलिकराव, चालले कुठं?” बबनरावांनी विंगेतून विचारलं.

“काय विचारता? गाणं लागलं ना! पंगत बसली असन.”

तेव्हा बबनरावांच्या डोक्यात उजेड पडला. लग्नात पोरं नाचायची थांबत नसत, म्हणून स्वयंपाकी शामला हेच गाणं वाजवायला सांगे. यावर कुणाला नाचता येत नसे, मग सगळे मुकाट्यानं पंगतीला बसत. चार वर्षं अख्खा तालुका या गाण्यावर जेवला होता. बबनरावही त्यातच होते.

“शाम, थांबव ते!” ते ओरडले. शाम डोळे मिटून गात होता.

स्टेजमागं टिनाचं शेड होतं. लोक आत घुसले, तर शालू नेसलेली अंजू मांडीवर ताट घेऊन बुंदी खात बसलेली. नाटकाचं गुपित हेच होतं. नवरी पळाली नव्हती, भूक लागली म्हणून स्वयंपाकाच्या शेडात जाऊन जेवत होती.

“अरे, नवरी तं इथं जेवून राह्यली,” पुंडलिकराव म्हणाले. “अन् वऱ्हाडाले काहीच नाही?”

लोकांनी स्वयंपाकाच्या मोठाल्या गंजांची झाकणं उघडून पाहिली. आत मंडपाच्या दोऱ्या निघाल्या. असं कंजूस लग्न पाहिलं नाही, असं म्हणत सगळे मागच्या मागंच घरी गेले.

बबनराव पडेल चेहऱ्यानं विंगेत परतले. “काका, आवरू का?” शामनं विचारलं. बबनरावांनी समोर पाहिलं. रिकाम्या मैदानात उज्ज्वलाबाई एकट्या आपल्या खुर्चीवर बसून होत्या.

“नाही,” बबनराव म्हणाले. “ती बसली आहे. दुसरा अंक करा.”

एका बाईसाठी सगळा बँड जीव तोडून वाजला. नवरी सापडली, लग्न लागलं, पडदा पडला. उज्ज्वलाबाई जागच्या हलल्या नाहीत. मधूनमधून मान उंच करून शेडाकडं बघत होत्या, एवढंच. आयुष्यात एवढा आनंद बबनरावांना कधी झाला नव्हता. ते खाली उतरले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

उज्ज्वलाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं.

“मंग?”

 बबनरावांनी खुशीत मान हलवली.

“मंग दुसरी पंगत कवा बसते? पहिलीत लय गर्दी होती, म्हून मी थांबली.”

“अन् नवरी?” बबनरावांनी कसंबसं विचारलं. “ती कुठं गेली ते तुले आधीच समजलं होतं?”

“त्यात काय समजाचं? सकाळपासून पोरीले कोणी ‘जेवली का’ म्हणून विचारलं नाही. दुसरीकडं कायले जाईन ती?”

स्टेजवर शाम वायरी गुंडाळता गुंडाळता तेच संथ गाणं गुणगुणू लागला. बबनरावांच्या तोंडाला पाणी सुटलं.