बिनपंचाचा सामना

जिंतूरच्या एका महाविद्यालयात फ्रिसबीचा संघ तयार झाला, ही बाब कार्यालयाच्या निदर्शनास फार उशिरा आली. तोवर चारठाण्याहून एसटीनं येणारी निकिता आणि तिचे सवंगडी रोज सकाळी ती प्लास्टिकची चकती फेकत, झेलत, गुडघे फोडून घेत चांगले तरबेज झाले होते. पोरं-पोरी एकाच संघात. गंगाखेडला हरवलं की विद्यापीठाच्या स्पर्धेत प्रवेश! निकिताला दुसरं काही सुचत नव्हतं. प्राचार्य तात्यारावांची परवानगी तेवढी राहिली होती.

"पंच कोण आहे?" प्राचार्यांनी विचारलं.

"ह्या खेळात पंच नसतोय, सर. ज्याची चूक त्यानंच सांगायची."

"आन् सांगतेत?"

"सांगतेत की."

प्राचार्यांनी चष्मा काढला. उभ्या सेवेत असला प्रकार त्यांनी ऐकला नव्हता. माणसं आपली चूक आपणच सांगू लागली, तर चौकशी कशाची करायची? खुलासा कुणाचा मागवायचा? उद्या हे लोण स्टाफरूममध्ये शिरलं म्हणजे? क्रीडाशिक्षक चंद्रभान सरांची पंच म्हणून तातडीनं नेमणूक झाली.

चंद्रभान सर कबड्डीतले. सरावात ते शिट्टी वाजवून निकितालाच विचारत, "काय झालं गं?" ती सांगेल तो निर्णय. मग असला पंच तटस्थ कसा, अशी कुजबुज सुरू झाली. म्हणून पंचावर निरीक्षक नेमले. पंच आणि निरीक्षक एकमेकांशी बोलत नसत, म्हणून समन्वयक आले. पोरा-पोरींमधल्या अंतरावर नजर ठेवायला रेणुकाबाई आल्या. बाहेरून नीट दिसत नाही, या सबबीवर ही अख्खी समिती मैदानातच उभी राहू लागली.

सामन्याला गंगाखेडनंही आपली समिती आणली. जिंतूरच्या समितीवर भरवसा कोण ठेवणार? खेळाडूंना पळायला जागा उरेना. तरी पोरं जिवाच्या आकांतानं खेळली, बरोबरीत आली. शेवटच्या गुणासाठी संघातल्या हरिओमनं लांब फेक केली, निकितानं सूर मारून ती झेलली आणि सगळ्या शिट्ट्या एकदम वाजल्या. "गुण!" दोन्ही समित्यांचं प्रथमच एकमत झालं.

निकिता धुळीतून उठली. झेलताना पाय मैदानाच्या रेषेबाहेर पडला होता, आणि ते तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. ती रडायच्या बेतात होती.

"सर, माझा पाय भायेर होता. गुण धरू नका."

"गप बस!" चंद्रभान सर ओरडले. "समितीनं दिलाय गुण. समिती काय येडी हाय का?"

गुण कायम राहिला, जिंतूर जिंकलं. समितीच्या अधिकारात ढवळाढवळ केल्याबद्दल निकिताला मात्र संघातून काढलं. प्राचार्य दयाळू माणूस. ते म्हणाले, "माफी नको. पाय आतच होता, एवढं म्हण. लगेच परत घेतो."

ती म्हणाली नाही. संघ समितीसह विद्यापीठाला गेला आणि निकिता चारठाण्याला घरी.

"खरं बोलावं बाई," तिचे वडील लिंबाजी कळवळून म्हणाले, "पण सामना झाल्यावर बोलावं."

वाचकहो, लिंबाजींना खुशाल नावं ठेवा. पण निकिता तुमची लेक असती, तर त्या दिवशी ताटावर बसल्यावर तुम्ही तिला काय म्हणाला असतात? सांगा की. गप का बसलात?