हिराजीकाकांच्या डब्यातली डुबकी

आमच्या शेजारच्या हिराजीकाकांकडे कुणी गेलं, की ‘या, बसा’ म्हणायच्या आधी ते पाहुण्याचं मनगट बघतात. त्याचं घड्याळ स्वतःच्या घड्याळाशी ताडतात, ‘दोन मिनटं पुढं हाय’ असं जाहीर करतात आणि मगच पाणी देतात. आमच्या डॉक्टरांचं बीपीचं यंत्र त्यांनी भर दवाखान्यात खोटं पाडलं. बीपी रागामुळे वाढलं होतं की राग यंत्रामुळे आला होता, याचा निकाल अजून लागलेला नाही.

काका मूळचे घणसोली गावातले. रबाळ्याच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर दाब मोजायची गेजं तपासली. बॉयलरवरचा काटा खरं बोलतो की नाही, एवढंच बघायचं काम. काकी गेल्यापासून एकटेच राहतात. रिटायर झाले, पण ‘तपासल्याबिगर भरवसा नाय’ हे काही सुटलं नाही.

माझ्या लेकीला, जुईला, मालवणकडे स्कूबा डायव्हिंगच्या एका केंद्रात नोकरी लागली. मनगटावर बांधायचा डायव्ह कॉम्प्युटर स्वतःचा आणा, ही त्यांची अट. आपण किती खोल आहोत, तिथे किती वेळ थांबायचं आणि किती सावकाश वर यायचं, हे तो सांगतो. तो चुकला तर जिवावर बेततं. आमचं बजेट बेताचं, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मला फक्त ती रोज वर यायला हवी होती. म्हणून मी तिला काकांच्या हवाली केलं.

आठवडाभर काका कपाळावर चष्मा चढवून तिच्या मोबाइलवर मॉडेलं बघत होते. जुईचा जीव रंगीत स्क्रीनवर जडला होता. “रंग बघाला मासं हायत ना पान्यात,” काका म्हणाले, आणि ते बाद झालं. बॅटरी बदलायला कंपनीत पाठवावं लागतं, ते बाद. सेकंडहँडचं तर नावही काढू दिलं नाही. आकडे मोठे हवेत, बॅटरी घरी बदलता यावी आणि माणूस भरभर वर यायला लागला तर यंत्राने बोंब ठोकली पाहिजे. शेवटी एक काळं, ठोकळ्यासारखं, स्वस्तातलं यंत्र पसंत पडलं. जुई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू रंग मीच नाकारले होते.

यंत्र आलं ते तिच्या निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी. काकांच्या पलंगाखाली एक जाड पोलादी डबा आहे, हातपंप जोडलेला. पाणी भरून, झाकण आवळून पंप मारला की आत दाब वाढतो. काकांनी यंत्र त्यात ठेवलं, समुद्रात तीस मीटरवर असतो तेवढा दाब दिला आणि कारखान्यातल्या शिस्तीने तासभर तसंच राहू दिलं. मग नेहमीसारखा एका झटक्यात दाब सोडला. यंत्र बोंबलायला लागलं.

त्या बिचाऱ्याला वाटलं, कुणीतरी तीस मीटर खाली तासभर बसलं आणि वाटेत कुठेही न थांबता वर आलं. जुईने स्क्रीन वाचली आणि कपाळाला हात लावला. खोली अगदी बरोबर दाखवली होती, पण असं चुकीचं वर आलं की ते यंत्र स्वतःला लॉक करतं; आता चोवीस तास ते चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी रात्री तिची बस होती. यंत्र सुटलं नाही तर नोकरीच्या पहिल्याच दिवशी पोरगी काठावर बसणार. मी काकांना काय काय सुनावायचं ते मनात जुळवत होते. काकांचं लक्ष मात्र डब्याकडे होतं.

“मानूस असा वर आला असता तर काय झालं असतं गो?” त्यांनी जुईला विचारलं.

जुईने खरं ते सांगितलं. लकवा. कधी मरणही. काकांनी डब्याचं झाकण हळूच लावलं.

यंत्र समोर ठेवून ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बसून राहिले. ते सुटलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने जुईच्या मनगटावर बांधलं. “खरं बोलतंय,” म्हणाले, “ह्याचं आयकत जा.”

याला चार महिने झाले. परवा दुपारी अडीचला मी त्यांची वाटी परत द्यायला गेले, तर ताट तसंच झाकलेलं. जेवला नाहीत का, विचारलं तर ओशाळले. त्यांचे वडील खाडीत मासे मारायला जायचे. होडी काठाला लागेपर्यंत आई ताटावरचं झाकण काढायची नाही, एवढंच म्हणाले.

तेवढ्यात काकांचा मोबाइल वाजला. जुईने यंत्राच्या स्क्रीनचा फोटो पाठवला होता; पाण्यातून वर आली की ती रोज त्यांना पाठवते, हे मला तेव्हा कळलं. काकांनी चष्मा लावून खोली वाचली, वेळ वाचली, पुन्हा एकदा वाचली. “आली वर,” म्हणाले आणि झाकण काढलं.

मी तिची आई, आणि एक वाजताच जेवून मोकळी झाले होते. माझ्या लेकीसाठी हा माणूस रोज उपाशी थांबत होता. माझे डोळे भरून आले. उद्यापासून माझंही ताट इथेच आणते, मी म्हटलं.

काकांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं.

“आन,” ते म्हणाले. “पन आधी ते तीन मिनटं मागं घे. उगा तेवढा वेल जीव टांगनीला.”